मामानं खोडलेलं कॉलेज

नात्यागोत्यात कंप्युटरमधलं कळणारा माणूस एकच, तो म्हणजे मामा, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. हा समज त्यानं पसरवला नव्हता, पण कधी खोडूनही काढला नव्हता. "माझा भाऊ कंप्युटर लाइनला आहे," असं थोरली बहीण भेटेल त्याला कौतुकानं सांगायची आणि तो शेजारी बसून नुसता हसायचा. खरं तर तो ऑफिसांमधले प्रिंटर आणि झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करत फिरायचा. कामात हात चांगला होता. पण बहिणीकडे जायचं असलं की बोटांवरची काळी शाई तो घासघासून धुवायचा.

भाचीची शाळा संपली आणि तिनं कंप्युटर सायन्सच घ्यायचं ठरवलं, तेव्हा साहजिकच मामाला बोलावणं आलं. टेबलाभोवती सगळे बसले. भावोजींनी टीव्ही बंद केला, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

भाचीच्या मनात तीन कॉलेजं होती. एक परगावचं, एक नवीन चकचकीत इमारतीतलं आणि एक गावातलंच, जुनं. तिचा ओढा जुन्याकडे होता. तिथले शिक्षक जीव तोडून शिकवतात, असं तिनं तिथल्या मुलांकडून ऐकलं होतं.

"ते सोड," मामा म्हणाला. "नुसतं नाव आहे. लॅबला सदा कुलूप. मी काय आज बघतोय का?"

भाचीचा चेहरा पडला. "पण मामा, सगळे तर चांगलं म्हणतात."

"सगळ्यांना काय कळतं यातलं?"

भावोजींनी मान डोलावली. जुनं कॉलेज बाद झालं.

मामा घरी जायला निघाला. त्या कॉलेजची लॅब त्यानं आतून कधी पाहिलीच नव्हती. पण तिथल्या ऑफिसात त्याची कायम ये-जा होती आणि शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे त्याला 'प्रिंटरवाले' म्हणूनच हाक मारत. भाची तिथे शिकायला लागली, तर आज ना उद्या बिंग फुटणार होतं. म्हणून त्यानं चांगल्या कॉलेजला नावं ठेवली होती. तिला यातलं काय कळणार, नवीन कॉलेजात तिचं चांगलंच होईल, अशी तो वाटभर स्वतःची समजूत घालत राहिला.

पण भाची हट्टी निघाली. "एकदा डोळ्यांनी बघते आणि मग सोडते," म्हणाली. पालकांसाठी कॉलेज खुलं असतं त्या दिवशी ती आईला घेऊन निघाली. मामानं कामाची सबब सांगून पाहिली, पण ताईनं ऐकून घेतलं नाही. "तू नसलास तर आम्ही दोघी काय विचारणार तिथे? चल गुपचूप."

तो मागे मागे राहून चालला होता. जिन्याजवळ हेडक्लार्क समोरच आले.

"अरे वा, प्रिंटरवाले! सुट्टीच्या दिवशी? बरे आलात, परीक्षा विभागातलं मशीन पुन्हा कागद गिळतंय. जरा बघता का?"

ताईनं आधी मागे वळून पाहिलं, ते दुसऱ्या कुणाशी बोलतायत की काय. मागे मामाखेरीज कुणीच नव्हतं.

"उद्या येतो साहेब," मामा कसाबसा म्हणाला. "आज घरचे बरोबर आहेत."

हेडक्लार्क हसून निघून गेले. ताई भिंतीवरचा नकाशा वाचायला लागली. तिचे कान लाल झाले होते. नणंदा-जावांमध्ये तिनं या भावाच्या जिवावर किती भाव खाल्ला होता, ते मामाला ठाऊक होतं. तिनं चार शब्द सुनावले असते, तर त्याला बरं वाटलं असतं.

भाचीनं मात्र सरळ विचारलं. "मामा, तू इथे नेहमी येतोस?"

"हो."

"मग खरं सांग. लॅब कशी आहे?"

मामाला मान वर करवेना. "मला माहीत नाही गं. मी ऑफिसातलं मशीन दुरुस्त करतो आणि जातो. लॅबमध्ये कधी गेलोच नाही."

"मग कुलूप असतं म्हणालास ते?"

"तू इथे येऊ नयेस म्हणून."

का, ते तिनं विचारलं नाही. तिला ते कळलं असावं, कारण ती थोडा वेळ त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग आईला म्हणाली, "तू बस इथे, मी बघून येते," आणि एकटीच आत गेली. ती परत येईपर्यंत बहीणभाऊ एका बाकावर दोन टोकांना बसून होते. लॅब उघडी होती, मुलं काम करत होती, शिक्षकही मोकळेपणानं बोलले, असं तिनं आईला सांगितलं. त्या संध्याकाळी घरी परत टेबलाभोवती बसणं झालं नाही. तिनं जुनंच कॉलेज घेतलं.

ताईचा अबोला हळूहळू सुटला. 'कंप्युटर लाइन' मात्र तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकू आलं नाही. मामानं त्या कॉलेजचं काम एका सहकाऱ्याच्या गळ्यात मारलं.

पण सहकारी आजारी पडला आणि पावसाळ्यानंतर एकदा त्याला जावंच लागलं. व्हरांड्यात मशीन उघडून तो गुडघ्यांवर बसला होता. कोपऱ्यावरून मुलींचा घोळका हसत आला, त्यात भाची होती. तिनं त्याला पाहिलं आणि तिचं पाऊल अडखळलं. नजर पटकन मैत्रिणींकडे गेली आणि पुन्हा त्याच्याकडे आली.

मग ती पुढे आली. "हा माझा मामा," तिनं मैत्रिणींना सांगितलं. "इथली मशीनं हाच दुरुस्त करतो."

मैत्रिणींनी हसून नमस्कार केला. मामा दोन शब्द बोलला, भाचीनं घरची खुशाली सांगितली आणि त्या तासाला निघून गेल्या.

तो पुन्हा मशीनकडे वळला. तिनं ओळख दिली होती, मनापासून दिली होती. तरी तिचं ते अडखळणं त्याच्या नजरेसमोरून हलेना. कामाची लाज तिला मुळात नव्हतीच. ती त्यानं तिला शिकवली होती.