उंदरांना दही-साखर

प्रेरणाच्या वडिलांना, म्हणजे कडुबाअण्णांना, करमाडला आपल्या घरी परत जायचं होतं. प्रेरणा सोडायला तयार नव्हती. कारण दूध.

मागच्या रविवारी ती अंघोळीला गेली असताना गॅसवर दूध करपलं, पातेलं काळं पडलं, धूर पार बैठकीत आला. अण्णा तिथंच पेपर वाचत बसले होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

दुसऱ्या एखाद्या मुलीनं पातेलं घासलं असतं आणि विषय संपवला असता. पण प्रेरणा एका फार्मसी कॉलेजात अल्झायमर झालेल्या उंदरांवर पीएचडी करत होती. या आजारात पुष्कळदा आठवणींच्या आधी नाक जातं, हे ती रोज पिंजऱ्यात बघायची. आता ते घरात दिसलं.

"करमाडला एकटे असताना गॅस सुटला तर यांना कळेल का?" तिनं नवऱ्याला विचारलं. विश्वजीत पातेलं घासत होता.

"अण्णा, आता इथंच राहायचं. करमाडचं घर भाड्यानं देऊ."

"बरं," अण्णा म्हणाले आणि त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली.

या रविवारी उंदरांची मोठी चाचणी होती. अण्णांना घरी सोडायचा धीर होईना, म्हणून प्रेरणानं त्यांना दहीभाताच्या डब्यासकट स्कूटीवर बसवलं. पिशवी त्यांनी आपणहून घेतली.

"आज यांची परीक्षा," लॅबमध्ये तिनं पिंजरे दाखवले. "डावीकडचे आजारी, उजवीकडचे धडधाकट. भुशाखाली बिस्कीट पुरायचं. नाक शाबूत असलेला लगेच उकरून काढतो, आजारी नुसता फिरत बसतो. रात्रभर उपाशी ठेवलंय सगळ्यांना."

"परीक्षेला? उपाशी?"

"तशीच पद्धत आहे, अण्णा."

ती तिच्या गाईडला, बासित सरांना, बोलवायला गेली. सरांचा फोन चालू होता. परीक्षा तेवढी लांबली.

ती सुरू झाली तेव्हा आजारी उंदीर फिरत बसले. धडधाकटही फिरत बसले. एक धडधाकट तर बरोबर बिस्किटाच्या वर बसून तोंड धूत होता.

सरांनी चष्मा चढवला. "यातले धडधाकट कोणते?"

"उजवीकडचे, सर."

"त्यांना सांगितलंय का तसं?"

प्रेरणानं वाकून पाहिलं. उंदराच्या मिशांना पांढरं लागलं होतं. तिनं वळून अण्णांकडे पाहिलं.

"एकेक बोट दही-साखर दिली," अण्णा म्हणाले. "दही आपल्या दहीभातातलं, साखर तुमच्या चहाच्या डब्यातली. आजारी-धडधाकट असा भेद नाय केला."

"काका, ये क्या करे आप!" सरांनी कपाळाला हात लावला. "पोट भरल्यावर बिस्कीट कशाला शोधतील? वास येतोय त्यांना, पण गरज नाही!"

"मग वास आला म्हणजे उठायलाच पायजे का, साहेब?"

प्रेरणा थबकली. "अण्णा, त्या दिवशी दूध करपलं, तेव्हा वास आला होता तुम्हाला?"

"लई आला. आधी उतू गेलं, मग करपलं."

"मग बोलला का नाहीत?"

"दुधाकडं जावईबापू बघत होते. त्यांना फोन आला, ते गॅलरीत गेले. लेकीच्या घरी मी पाव्हणा. जावयाच्या हातनं दूध करपलं, असं बापानं ओरडून सांगायचं व्हय?"

"आणि घर पेटलं असतं तर?"

"तर बोललो असतो."

प्रेरणानं त्या तोंड धुणाऱ्या उंदराच्या मिशा पुसल्या. मग म्हणाली, "जेवून घ्या, अण्णा. दुपारी सोडते करमाडला."

अण्णांनी पिशवी मांडीवर घेतली.

चाचणी पुढच्या आठवड्यावर गेली. सरांनी आपला डबा उघडला. "या काका, घरचा दालचा आहे, डाळ-दुधीचा."

"हे लेकीचं घर नाय म्हणून बोलतो," अण्णा लांबूनच म्हणाले. "विटलाय."

सरांनी डबा नाकाशी धरला. लांब श्वास घेतला. "छे हो काका. एकदम ताजा आहे." आणि दोन चमचे खाल्लेही.

प्रेरणाला तो वास दारापर्यंत येत होता. ती सरांकडे बघू लागली. आठवडाभर अण्णांकडे बघत होती, तशीच.

"सर," ती हळूच म्हणाली, "तुमच्या घरी गॅस कोण बंद करतं?"