मोज्यातला डाग

मी एक जुने भिंग आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये, एका उसाच्या गावात, डॉक्टर ग्लेनिस ट्रँटर यांच्या खिशात माझी एकवीस वर्षे गेली. पोटात दिवा, तोंडाला काच. कातडीवर टेकवले की तिळाच्या आतले रंग दिसतात. "हा माझा तिसरा डोळा," म्हणून डॉक्टर मला मिरवत.

मित्रांनो, मग भिंतीवर तो कॅमेरा आला. अंगावरच्या तिळातिळाचा फोटो काढतो, गेल्या वर्षीच्या फोटोशी ताडून पाहतो. लोक त्याच्यापुढे लग्नात उभे राहावे तसे हसत उभे राहतात. आणि मी ट्रेमध्ये, कापसाच्या बोळ्यांशेजारी. खरे सांगते, जळून खाक होत होते.

यंदा ईस्टरनंतर ऊसवाले कॉल ब्रिंबलकोम कातडीच्या कर्करोगाच्या वार्षिक तपासणीला आले. अंगावर चड्डी आणि मोजे. सोबत बायको, नोलीन. कॅमेऱ्याने नवे काहीच दाखवले नाही. कॉल शर्ट घालू लागले.

"मोजे काढ," नोलीन म्हणाली.

"अगं, जन्मभर बुटात राहिलेत पाय. त्यांना ऊन ठाऊकच नाही!"

"नऊ वर्षं डॉक्टरांपुढे मोज्यांवर उभा राहतोयस, शहाण्या! तळव्यावरचा तो डाग नाताळात मसुराएवढा होता. आता वाटाण्याएवढा झालाय."

"कॉल, हा रोग उन्हाला विचारून येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काढा मोजे."

कॅमेऱ्याकडे त्या तळव्याचा जुना फोटोच नव्हता. डॉक्टरांनी मला उचलले. टेकता टेकता मी मनात म्हटले, वाईटच निघू दे. एकदा तरी त्या भिंतीवरच्याचे नाक कापले जाऊ दे. डागाची कड वेडीवाकडी होती, एका अंगाला निळसर झाक. आणि कॉलचा पाय थरथरत होता. ती थरथर माझ्या काचेत उतरली. माझी मलाच शिसारी आली.

"कापून प्रयोगशाळेत पाठवू," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "नक्की काय ते तिथेच कळेल."

म्हणजे शेवटचा मान सूक्ष्मदर्शकाचा! आठ दिवसांनी उत्तर आले: मेलॅनोमा, म्हणजे तिळातून पसरणारा जहाल कर्करोग, पण पातळ, खोल न गेलेला. आजूबाजूची थोडी कातडी काढावी लागली. कॉल वाचले.

आता मला कॅमेऱ्याचा हेवा वाटत नाही. नोलीनचा वाटतो, अगदी जळजळून. दिवा नाही, काच नाही, तरी तिला आधी दिसले. मित्रांनो, आपल्या माणसांचे तळवे, पाठ, कानांमागची जागा बघत जा. एखादा तीळ बदलला, तर त्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे आणा. मी जळेन. जळू द्या मला.