दाराखालचा पाय

चवताळ्या तापाने वैशाखरे गाव ओस पाडलं, त्यावर एक भातकापणी उलटून गेली होती. माळशेजच्या रस्त्यावर थांबलेली एसटी तिथेच राहिली होती आणि तिच्या खिडक्यांपर्यंत वेल चढला होता. हा ताप चढला की माणूस घरच्यांवरच धावून जाई, चावे घेई. चावलेल्यालाही तोच ताप. आणि कानावर पडलेले शब्द तापकरी पोपटासारखे परत बोले. गावातल्या रघूच्या आईने तापात दाराआडून ‘उघड रे’ म्हटलं, पोराने उघडलं आणि दोघंही गेली. तेव्हापासून नुसत्या आवाजावर दार उघडायचं नाही, असं उरलेल्यांनी ठरवलं होतं.

भागीचा नवरा लडकू गोठ्यात कोंडलेला होता. अंग तापलंय कळताच तो आपणहून आत गेला आणि बाहेरून अडसर घाल म्हणाला. लडकू कीर्तनातला टाळकरी. ध्रुपद धरायची त्याला अशी घाई, की बुवांचा शब्द संपायच्या आत याचा सूर वर. बुवा हसून म्हणायचे, "लडकूबुवा, देवाकडे आधी आम्हाला तरी पोचू द्या." कीर्तनाचं ते सुख ज्याने घेतलंय, त्याला जास्त काय सांगावं!

भागी रोज दाराखालच्या फटीतून पेजेची थाळी सरकवी आणि बाहेर बसून भजन म्हणे. आधी आतून धडका यायच्या. मग कण्हणं. कालपासून सगळं शांत होतं. ताप उतरून माणूस माघारी येतो, असं एक वाटसरू सांगून गेला होता. त्याने स्वतः पाहिलं मात्र नव्हतं.

सकाळी शेजारचे धाऊबाबा बोचकं बांधून, हातात कोयता घेऊन आले. धसईच्या बाजाराला कुंपण घालून काही माणसं राहिली होती, तिकडे निघायचं होतं. भागीला एकटी टाकून जायला त्यांचं मन होईना.

"गो भागे, तो आता तुजा लडकू नाय. चल."

"देवाचं नाव घेते एकदा, बाबा. मग तुमी म्हनाल तसं."

ती दारापाशी बसली. "रामकृष्ण हरी," म्हणाली.

"रामकृष्ण हरी," आतून घोगरा आवाज आला.

भागीचा ऊर भरून आला. धाऊबाबांनी मान हलवली. तापाने एवढं सहज म्हटलं असतं, हे तिलाही कळत होतं.

पण माळकऱ्यांची एक रीत आहे. रामकृष्ण हरी म्हटलं की समोरच्याच्या पाया पडायचं, मग तो लहान असो, थोर असो, घरची बायको असो. कीर्तन संपलं की ही दोघं एकदमच वाकायची, कपाळावर कपाळ आपटायचं आणि सगळा मांडव हसायचा. शब्द तापाला येत होते. वाकलेला तापकरी मात्र कुणी पाहिला नव्हता.

भागीने उजवा पाय फटीतून आत सरकवला.

धाऊबाबांनी तिचा दंड धरला. "येडी झालीस काय? चावला तर?"

"तर कोयता हाय ना तुमच्या हातात."

आत पेंढा सळसळला. कुणीतरी फरपटत जवळ आलं. बोटांवर श्वास लागला. भागीने डोळे मिटून घेतले, पण पाय मागे घेतला नाही.

मग पावलावर काहीतरी टेकलं. घामाने भिजलेलं, गार कपाळ. ते तिथून हलेचना.

"भागे," आतून आवाज आला, "जोडवं कुटं गेलं गो तुजं?"

भागीने डोळे उघडले. "देवळात ठेवलंय. नवस बोललीवते."

धाऊबाबांनी कोयता भिंतीला टेकवला आणि स्वतःच अडसर काढला. हाडांचा सापळा झालेला लडकू दारात गुडघ्यांवर बसला होता. त्याने हात जोडले, वाकला. भागीही त्याच वेळी वाकली, आणि दोघांची कपाळं चांगली खाडकन आपटली.