पोर्तुगीज साहेबाच्या सात जांभळी

"पोरी, आता सांगतो त्यावर तुजा काय, देवाचाबी विश्वास बसाचा नाय," म्हणून नाथानं रुचितासमोर सुरुवात केली, आणि बांधावर बसलेल्या शेजारच्या गोदाबायनं तोंडातली जांभळाची बी पचकन थुंकली.

शहाडच्या पल्याड, उल्हास नदीच्या काठाला नाथाचं दीड एकराचं भातशेत. चहूबाजूंनी गोडाऊनं उठलेली, मधोमध एवढीच काय ती उघडी माती. जून तोंडावर आला तरी वाऱ्याचा पत्ता नाही. ढेकळं तव्यासारखी तापलेली, ट्रकांची धूळ पिकल्या जांभळांवर बसलेली. नाथाचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. हे शेत विकत मागणाऱ्या शीळफाट्याच्या गोडाऊनवाल्याला आज होकार पाहिजे होता, आणि तो द्यायचा होता नाथाच्या लेकानं, दर्शननं. सातबारा त्याच्या नावावर नाथानंच हौसेनं चढवलेला. दर्शन वागळे इस्टेटीत लेथवर कामाला. आज रजा टाकून आलेला, आणि दर पाच मिनिटांनी त्याच्या हातातला फोन थरथरत होता.

नाथाची सगळी भिस्त होती नाशकाहून आलेल्या रुचितावर. तिच्या कंपनीला जांभळाची वाईन करायची होती. तिनं चार जांभळं चेचून गोडी मोजायच्या नळकांड्यात रस टाकला, डोळा लावला, मान डोलावली. पण फळ कुठंही मिळतं. कंपनीला हवी होती जागा. सुटीच्या दिवशी माणसांनी यावं, सावलीत बसावं, चव घ्यावी अशी. ती ठरली तर शेत राहणार होतं. नाहीतर पुढच्या आठवड्यात मुरुमाचे डंपर.

"आमच्याकडंही आधी हसायचे लोक," रुचिता म्हणाली. "कांद्याच्या मुलखात वाईनची द्राक्षं कोण लावतं? पंचवीस-तीस वर्षं झाली त्याला. आता शनिवारी मुंबईच्या गाड्यांची रांग लागते. अनवाणी पायांनी द्राक्षं तुडवतात, पेला नाकाशी धरून हुंगतात, धरणाच्या पाण्यावर सूर्य बुडेपर्यंत हलत नाहीत. पण काका, नुसतं पिऊन कोणी जात नाही. हा वेल कोणी लावला, का लावला, हे विचारतात. तुमच्या झाडांची काय गोष्ट?"

नाथाचे डोळे चमकले.

"तीस वर्सा? हॅट्! आमची चारशे वर्साची हाय. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीज साहेब व्हता. त्याची दारू जहाजातच नासली. मंग तो निंगाला खाडीनं, होरी हाकत, थेट हितं. माज्या खापरपनज्यानं मिठागरात पुरलेला जांभलाच्या रसाचा रांजन काढला. साहेब प्याला तो प्याला, त्याचा घोरापन प्याला!"

"घोडा होडीतून आलेला?" दर्शननं विचारलं.

"मोठी होरी व्हती." नाथानं मानही वळवली नाही. "घोरा जो उधळला तो शीलफाट्यावं जाऊन थांबला. तवा तिथं फाटा नव्हता. घोऱ्याला कळंना कुठं वळाचा, म्हनून साहेबानं फाटा काढला!"

रुचिता खळखळून हसली आणि फोनवर टिपून घेऊ लागली. मग तिनं बांधावरच्या सात जांभळींकडं पाहिलं.

"पण काका, ही सातही एका रेषेत कशी? आपोआप उगवलेली जांभळं अशी दोरी लावल्यासारखी नसतात."

नाथा अडला. पण घोटभरच.

"कवायत! साहेबानं शिपाई उभं केलं बांधावर, आन् एकेकाच्या बुटासमोर एकेक बी पुरली. चारशे वर्सात कुराड लागली नाय यांना. माज्या बापानं मरताना हात धरून सांगितला, नाथा, बांध सांभाल..." इथं नाथानं वाकून खरोखरच बांधाला हात लावला.

रुचिताचं बोट थांबलं. "काका, हे मी लिहिलं तर हापिसात हसतील मला."

फोन पुन्हा थरथरला. "बास झाला, बाबा," दर्शन म्हणाला. "आख्ख्या गावाला म्हाईत हाईत तुमच्या थापा. मॅडमना जाऊ द्या नाशकाला. मी गोडाऊनवाल्याला हो बोलून टाकतो." त्यानं अंगठा फोनवर नेला.

सकाळपासून पहिल्यांदाच नाथा मटकन खाली बसला.

"दर्शन, ठेव तो फोन!" गोदाबाय गुडघ्यावर हात देत उठली. ऐंशीची म्हातारी, ओठ जांभळेशार. "आन् नाथ्या मेल्या, किती खोटा बोलशील रं? कनचा पोर्तुगीज न् कनचा घोरा! मी व्हते ना हितं. सात वर्साच्या या पोराच्या वटीत तू तुरीचा बियाना घातलास, बांधावं टोकायला धारलास. यानं तूर टाकली कोंबऱ्यांना, आन् जांभला खात खात तोंडातली एकेक बी टोकत गेला, या टोकापासून त्या टोकापरत. तू छरी घेऊन मागं लागलास, तवा तुजा हात मीच धरलेला."

दर्शनचा अंगठा तसाच अधांतरी. तो झाडांकडं बघत होता, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या, जणू पावलं मोजतोय. फोन थरथरून थरथरून गप्प झाला. रुचितानं आपला पुन्हा उघडला.

"लिही पोरी," गोदाबाय म्हणाली, "साहेबानं नाय, या दर्शननं लावलीन ही झारा!"