जळकुकडा सूक्ष्मदर्शक

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे आणि आधीच कबूल करतो, पक्का जळकुकडा आहे.

माझी भिंगं एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घासली. मग लाकडी पेटीत बसून मी इस्पितळाच्या या तपासणीखोलीत आलो. पंचवीस वर्षं डॉक्टरबाई माझ्यातूनच बघत आल्या. गाठीचा केसाहून पातळ काप काचेवर यायचा, मी तो चारशेपट मोठा करून दाखवायचो आणि बाई आजाराचं नाव सांगायच्या. "याची नजर फार साफ आहे," असं त्या आल्यागेल्याला सांगत. मी फुगून टम्म व्हायचो.

मग समोरच्या टेबलावर रंगयंत्र आलं. पांढरंशुभ्र, गुबगुबीत. त्याला स्वतःला काडीचं दिसत नाही, ते नुसतं कापांना खास रंग चढवतं. तरी जो तो त्याच्याच भोवती! काप करणाऱ्या ताई सकाळी आधी त्याला पुसायच्या आणि मग त्याच फडक्याने मला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

ते का आणलं, हेही सांगतो. जठराच्या भिंतीत क्वचित होणारे दोन कॅन्सर जुळ्या भावांसारखे दिसतात. एक स्नायूतून निघतो, दुसरा जठराच्या हालचालीचा ताल धरणाऱ्या पेशींतून. दोघांच्या पेशी लांबट आणि टोकांना निमुळत्या. दुसऱ्यावर एक गोळी बरेचदा छान लागू पडते, पहिल्यावर तिचा उपयोग नाही. रंगयंत्राचा एक रंग सहसा दुसऱ्यालाच तपकिरी करतो. मला मात्र दोघे सारखेच दिसायचे, आणि तेच तर माझं दुखणं होतं.

एके दिवशी ताईंच्या धाकट्या बहिणीची गाठ आली. ती पूर्ण काढता आली नव्हती, त्यामुळे आता सगळी आशा त्या गोळीवर होती. बाईंनी माझ्यातून पाहिलं आणि म्हणाल्या, स्नायूचा वाटतोय, पण रंग करून बघू. तो 'पण' मला फार झोंबला.

रंगवलेला काप माझ्याखाली आला. तपकिरी कुठेच नाही, सगळं नुसतं नेहमीच्या साध्या रंगाने निळं. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बघा, मीच खरा! बाई रिपोर्ट लिहायला बसल्या. ताई पाठमोऱ्या उभ्या राहून धुतलेल्याच काचा पुन्हा धूत होत्या.

खरं तर मला एक गोष्ट दिसली होती. जठराच्या भिंतीत विखुरलेल्या काही साध्या, निरोगी पेशीही या रंगाने हमखास तपकिरी होतात. त्याही निळ्याच राहिल्या होत्या. बाईंना ते दिसू नये म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो.

सहीआधी बाईंनी पुन्हा माझ्यावर डोळा टेकवला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"ताई, हा रंग चढलेलाच नाही. काप कुकरमध्ये किती वेळ ठेवला होता?"

रंग धरावा म्हणून काप आधी कुकरच्या गरम पाण्यात ठेवतात. ताईंनी नळ बंद केला.

"निम्माच वेळ, मॅडम. तिला आजच कळावं म्हणून घाई केली. इतक्या वर्षांत कुणाच्या कापाला असं केलं नाही हो."

बाई रागावल्या नाहीत. पुन्हा लावा, मी थांबते, एवढंच म्हणाल्या.

दुसरा काप आला तो गडद तपकिरी, या काठापासून त्या काठापर्यंत. यंत्राचा दोष नव्हताच, चुकलो होतो मी. गोळी सुरू करता येईल असं बाईंनी सांगितलं, तशा ताई रंगयंत्राच्या झाकणावर डोकं ठेवून रडल्या. त्याच्याच झाकणावर, हो.

मित्रांनो, माझी भिंगं मऊ कापडानेच पुसत जा आणि माझ्या एकट्याच्या मतावर कधी विसंबू नका. हेवा मला अजूनही वाटतो, खोटं कशाला बोलू? पण त्या दिवशी माझं खरं ठरलं असतं, तर ताईंची बहीण औषधाविना राहिली असती आणि मी खुशीत असतो.