खाणीतून परत आलेला पाव

धाकटी बहीण डोरीन येणार म्हटलं की विनीच्या पोटात दुखायचं, आणि ते नुसतं बोलण्यापुरतं नाही, खरोखरच दुखायचं. सोडा घेतला तरी थांबत नसे. हेदर्ली गावची कोळशाची खाण बंद होऊन आता पुष्कळ वर्षं झाली होती, पण दर जुलैत गावाचा झेंडा वाजतगाजत डरहॅमला, खाणकामगारांच्या मेळाव्याला न्यायचा रिवाज कुणी मोडला नव्हता. त्याच्या आदल्या रविवारी खाणकामगारांच्या हॉलमध्ये चहा, सँडविच आणि जुन्या आठवणी, हेही ठरलेलं. यंदा आठवणी सांगायला बोलावलं होतं डोरीनला.

"गावात जन्म काढला मी," विनी कुंपणावरून टॉट लिडलला म्हणाली, "आणि गावाच्या आठवणी सांगणार कोण? तर स्कारबरोच्या दंतवैद्याची बायको!"

टॉट शेजारी राहायचा. विनीच्या बापाचा, मॅटी रेनचा, खाणीतला जोडीदार. मॅटीहून बराच लहान, पण आता तोही नव्वदीला टेकलेला. तो प्रदर्शनासाठी वाढवलेल्या लीक नावाच्या कांदापातीच्या वाफ्यात वाकून बसला होता. एका कानाने त्याला ऐकू येत नसे आणि दुसऱ्या कानाने तो सोयीचं तेवढंच ऐकत असे.

"तिचा आवाज चांगला आहे गं," तो म्हणाला.

"मग माझा काय फाटका आहे?"

टॉटने लीकला पाणी घातलं.

विनीची तक्रार खोटी नव्हती. धाकटी डोरीन दिसायला देखणी, गाण्यात पुढे, आणि अंगाला काही लावून न घेणारी. लग्न करून ती समुद्राकाठी निघून गेली आणि विनी कामगारवस्तीच्या तिसऱ्या ओळीतल्या बापाच्याच घरात राहिली. बापाच्या छातीत कोळशाची धूळ बसली तेव्हा रात्र रात्र त्याच्या पाठीला उशा लावल्या विनीने, थुंकी टिपली विनीने. आणि शेवटच्या आठवड्यात, ती चमच्याने सूप भरवत असताना, म्हातारा काय म्हणाला? "आमची डोरीन आली का गं?" विनीने चमचा तसाच त्याच्या तोंडात घातला होता. सूप जरा गरमच होतं.

तरी एक गोष्ट तिची होती. फक्त तिची.

लहानपणी खाणीतली पाळी सुटायच्या वेळेला ती मागच्या गल्लीच्या टोकाला जाऊन उभी राहायची. बाप यायचा, काळाकुट्ट, डोळे आणि दात तेवढे पांढरे. तिला बघून तो पत्र्याचा डबा उघडायचा, आणि त्यात पावाचा एक तुकडा असायचा. खाणीत जाऊन परत आलेला पाव. कडक झालेला, पत्र्याचा आणि कोळशाचा वास लागलेला. घरात लोणी लावलेला ताजा पाव असला तरी गल्लीतली पोरं त्या तुकड्यासाठी जीव टाकायची. विनी तिथेच, भिंतीला टेकून तो संपवायची. आणि बाप रोज म्हणायचा, "कुणाला सांगू नकोस हं, पोरी. डोरीनला तर मुळीच नाही."

हे शेवटचं वाक्य तिला पावापेक्षा गोड लागायचं. पुढे आयुष्यभर, डोरीनचं नवं घर, डोरीनची गाडी, डोरीनचे गुणी मुलगे असं एकेक ऐकताना ती मनातल्या मनात तो तुकडा चघळत आली होती.

रविवारी हॉल गच्च भरला. डोरीन फिकट निळ्या कोटात माइकसमोर उभी राहिली. विनी दुसऱ्या रांगेत, टॉटच्या शेजारी. डोरीनने आधी थोडं हसवलं, मग आवाज खाली आणला.

"आमच्याकडे बाबांचे कामाचे कपडे झटकायचं काम माझं होतं. ते टबात बसले की मी त्यांचा कोट परसात नेऊन भिंतीवर आपटायचे. पण आपटायच्या आधी खिसा बघायचा. कारण खिशात खाणीतला पाव असायचा, माझ्यासाठी ठेवलेला. बाबा म्हणायचे, जो झटकेल त्याचा. कुणाला सांगू नकोस हं, पोरी. विनीला तर मुळीच नाही."

हॉलमध्ये दोघीतिघींनी रुमाल काढले.

विनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. घर घे, गाडी घे, म्हाताऱ्याचा शेवटचा शब्दही घे, आता हेही? आणि वाक्यसुद्धा तेच, तिचं, जसंच्या तसं उचललेलं! कुठून ऐकलं असेल हिने? गल्लीच्या कोपऱ्यावर लपून बसायची की काय?

ती उठून उभी राहिली.

"खिशात?" ती म्हणाली. माइक नसताना तिचा आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "डोरीन, आपल्या खाणीत कोटाच्या खिशात पाव? उंदरांनी पाव खाल्ला असता आणि वर खिसाही खाल्ला असता! डबे पत्र्याचे का असायचे, सांग की यांना!"

सगळे हसले. हसणारच. त्या हॉलमधल्या प्रत्येकाच्या घरात खाणीतल्या उंदरांचा एक तरी किस्सा होता. मागून कुणीतरी ओरडलं, "दंतवैद्याकडे पाठवा त्या उंदरांना!" आणि पुन्हा हशा.

डोरीन लाल झाली. "मी खोटं नाही बोलत," ती म्हणाली, पण माइकने तिचा आवाज चिरकवला. विनीला इतकं बरं वाटलं की पोटातलं दुखणंच थांबलं. ती ऐटीत खाली बसली.

"काय म्हणाली ती?" टॉटने विचारलं.

"म्हणते, बाबा तिला पाव आणायचे. खिशातून."

"मग? आणायचाच की."

"टॉट, उंदीर!"

"अगं, खाली असताना डब्यातच असायचा," टॉट म्हणाला. बहिरा माणूस, हळू बोलणं त्याला कधीच जमलं नाही, त्यामुळे हॉल आपोआप गप्प झाला. "डबा उघडला की मॅटी आधी दोन तुकडे मोडून बाजूला ठेवायचा, मग स्वतः खायचा. भूक कितीही असो. वर आल्यावर, दिवे परत द्यायच्या खोलीत, एक तुकडा काढून खिशात टाकायचा. रोज. मी म्हणायचो, अरे, दोन्ही डब्यातच राहू दे. तर म्हणायचा, छे, माझ्या दोन्ही पोरी एकमेकींवर जळतात. एकीला दुसरीचा दिसला तर घास गिळणार नाही."

विनीचा चेहरा कुणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. ती डोरीनकडे बघत राहिली आणि डोरीन तिच्याकडे. डोरीनचाही चेहरा तसाच होता, हे बघून विनीला क्षणभर समाधान वाटलं आणि लगेच तेही गेलं. तुकडा डोरीनने चोरला असता तर परवडलं असतं. चोरीला गेलेली वस्तू आपली तरी असते.

कुणीतरी चहा आणला. डोरीन माइक सोडून खाली आली आणि टॉटच्या दुसऱ्या बाजूला बसली.

मग विनी त्याच्या चांगल्या कानाशी वाकली. "टॉट," ती हळूच म्हणाली, "डब्यातला मोठा असायचा ना?"

"कडेचा खरपूस कुठला असायचा, ते विचार," पलीकडून डोरीन म्हणाली. "माझा कडेचा असायचा."

"कडेचा माझा असायचा!"

टॉटने दोघींकडे पाहिलं. एक डावीकडून वाकलेली, एक उजवीकडून. दोघींचेही केस पांढरे.

"मॅटीने सांगून ठेवलंय मला," तो म्हणाला. "पोरी एक ना एक दिवस हे विचारतील म्हणाला. आणि दोघी जिवंत आहेत तोवर तोंड उघडू नकोस म्हणाला."

संध्याकाळी घरी विनीने पाव कापला. डोरीन टेबलापाशी बसून सुरीकडे बघत होती. विनीने कडेचा जाड तुकडा घेतला, मधोमध मोडला आणि दोन्ही अर्धे एकाच बशीत ठेवले.

चहा निवला, तरी बशीत आधी हात कुणीच घातला नाही.