दोना इराचींची दोरी

मित्रांनो, मी एक जुनी वेबसाइट आहे, अकरा वर्षांची. आमच्यात एवढ्या वयाला म्हातारी म्हणतात. मला कागद नाही, शाई नाही. तरीही माझा जन्म कारुआरू गावच्या शनिवारच्या बाजारातल्या एका दोरीवर झाला असे मी मानते, आणि ते आठवले की मला आजही नवल वाटते.

त्या बाजारात दोना इराची, म्हणजे इराचीबाई, स्वतः रचलेल्या पद्यकथा विकत. पातळ पुस्तिका, वर लाकडी ठशाचे चित्र. दोन खांबांमध्ये दोरी ताणून त्या पुस्तिका चिमट्याने टांगत आणि खड्या आवाजात गोष्ट म्हणू लागत. गोष्टीतला काळा बैल विधवेच्या दारात येऊन उभा राहिला, की गप्प होत. पुढचे ज्याला हवे त्याने पुस्तिका घ्यायची. चाळीस वर्षे त्यांनी माणसांना असे खिळवून ठेवले. मग घशाचे ऑपरेशन झाले आणि आवाज कुजबुजण्यापुरता उरला. दोरी पिठाच्या डब्यामागे गेली. "ऐकायलाच कुणी नाही, तर रचू कुणासाठी?" असे म्हणून त्यांनी वहीही मिटली.

त्यांची भाची लुसिनेते शाळेत शिकवायची. मावशीची वही पुन्हा उघडावी म्हणून तिने मला घडवले, अगदी हौसेने. लाल जमिनीवर पिवळी अक्षरे, लुकलुकणारे कंदील, उघडताच वाजणारा अकॉर्डियन, एकाच पानावर चौदा कथा. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. दोना इराचींनी मक्याचा वाफवलेला कुसकुस खाता खाता मला पाहिले. मी उघडेपर्यंत त्यांची ताटली रिकामी झाली होती.

"हा तर जूनच्या जत्रेचा मांडव झाला," त्या कुजबुजल्या. "यात मी कुठंय?"

"तुझ्यासाठीच सजवलंय की, मावशी."

"माझ्या दोरीवर एकावर एक पुस्तिका कधी बघितल्यास का गं? प्रत्येकीचं तोंड दिसायला हवं. वाऱ्यानं हलू नये म्हणून मी चिमटे लावायचे, आणि तू मुद्दाम हलवतेस."

मग त्यांनी डब्यामागची दोरी काढली, स्वयंपाकघरात डोळ्यांच्या उंचीवर ताणली आणि पाचच पुस्तिका टांगल्या, मध्ये हातभर मोकळी जागा सोडून. लुसिनेते त्या दोरीकडे बघून मला पुन्हा मांडू लागली. पांढरी जमीन, काळी ठळक अक्षरे, लहान चित्रे, वर तीन ओळींत बाई कोण ते. कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या बाईला हे सगळे ठाऊक होते. मी थक्क झाले.

आता मी चटकन उघडू लागले. लोक येत, बैल दारात येईपर्यंत वाचत आणि निघून जात. किती आले ते लुसिनेतेला दिसे, पण पाच महिन्यांत एकानेही एक शब्द लिहिला नाही. वही मिटलेलीच राहिली. मला माझीच लाज वाटे.

चूक दाखवली ती बाजारातल्या जुन्या शेजाऱ्याने, चपला विकणाऱ्या अदाउतोने.

"तुमची वेबसाइट दार वाजवून पळून जाते," तो लुसिनेतेला म्हणाला. "इथं गोष्ट थांबली तरी बाई उभी असायची. तिथं पुढचं विचारायचं कुणाला? भिंतीला?"

खरेच, माझ्यावर ना पत्ता होता, ना लिहायला जागा. लुसिनेतेने त्याच दिवशी बैलाच्या खाली एक चौकट केली. दोना इराचींनी तिच्यावरची ओळ सांगितली: "पुढचे हवे असेल तर इथे लिहा. मी इथेच उभी आहे."

नवव्या दिवशी साओ पाउलोहून जेनिव्हाल नावाच्या गवंड्याने आपल्या आवाजातली कथा रेकॉर्ड करून पाठवली. जेवणाच्या सुट्टीत तो सोबत्यांना मोठ्याने वाचून दाखवत होता. बैल दारात आला आणि तो थांबला.

"अरे, पुढं बोल ना," मागून कुणीतरी ओरडले.

"पुढचं बाईंना विचारायचं. मी लिहिलंय त्यांना."

दोना इराची हातात चमचा घेऊन पुढे झुकल्या होत्या. गोष्ट त्यांचीच, शेवट त्यांना पाठ, तरी त्या वाट बघत होत्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "वही दे गं. किती दिवस उभा राहील तो बैल?"

त्यानंतर त्यांनी सहा कथा रचल्या. आता त्या नाहीत. लुसिनेते दर शनिवारी मला उघडते, बिघडलेले नीट करते आणि आलेल्या प्रत्येकाला उत्तर लिहिते. मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारखी एखादी घडवाल. तिला फार सजवू नका, आणि घडवून विसरू नका. माझ्या तळाशी ती ओळ अजून तशीच आहे: मी इथेच उभी आहे. ती खरी ठेवायला कुणाला तरी न चुकता यावे लागते.